पाय धुऊन घेणारी चेटकीण

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते पानगव्हाणात कुणालाच नीट सांगता येत नाही. विचारलं की म्हातारी माणसं नदीकडे हात करतात आणि म्हणतात, ही तेव्हा गावाच्या पलीकडून वाहायची. आपण तेवढ्यावर समजून घ्यायचं.

मंडळी, पानाच्या व्यापारात माझी उमर गेली. पानांची कवळी, म्हणजे चळत, हातात आली की वरची पानं नेहमी ताजी आणि हिरवीगार दिसतात. मधली बघायची तर बोट घालून उचकटावी लागतात. गोष्टींचंही मी तसंच करतो. म्हणून गोजरीची गोष्ट गावानं मला सांगितली तशीच सांगतो, आणि जिथं मला वास आला तिथं जरा थांबतो.

तर पानगव्हाणला तेव्हा जिकडे बघावं तिकडे पानमळे. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, आत भर दुपारीसुद्धा दिवेलागणीसारखी सावली आणि पायाखाली कायमची ओल. मळ्यात पायताण घालून जायचं नाही, हा तिथला मोठा नेम. कुंपणाशी वहाणा काढायच्या, वेलीला हात जोडायचे आणि अनवाणी आत जायचं. खुद्द राजा आला तरी अनवाणी. या नेमाचा गावाला भारी अभिमान होता. वहाण बाहेर राहिली की माणूस शुद्ध झाला, असं त्यांचं गणित.

गोजरी या गावची सून. नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा पुरात वाहून गेला, आणि त्याची बायको राही पोटुशी. दोघी बायकांना आधार एका मळ्याचा, तोही गावाच्या अगदी टोकाला. गोजरीचं एक वेड होतं. तिच्या कुंपणाशी पाण्याची डोणी भरलेली असायची, आणि आत येणाऱ्यानं घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाय धुतल्याशिवाय ती त्याला आत घ्यायची नाही. तिच्या माहेरचे सगळे मळे एका पावसाळ्यात बसले होते, म्हणजे रोगानं मेले होते. लहानपणी तिनं पाहिलं होतं की माणसं ज्या वाटेनं फिरली, रोगही त्याच वाटेनं फिरला. हे ती गावाला सांगायची. गाव हसायचं. एकजण तिला म्हणाला, "काकी, नवरदेवाचेसुद्धा पाय एकदाच धुतात. तुम्ही आम्हाला रोज बोहल्यावर चढवताय."

मग एका ओल्या साली सुभान पाटलाचा मळा पिवळा पडला. वेलीचा बुडखा काळा व्हायचा, आणि पाहता पाहता सगळी वेल शेवरीवरून खाली लोंबायची. पाटलानं म्हाळू देवऋषीला बोलावलं. म्हाळूनं माती हुंगली, डोळे फिरवले आणि सांगितलं, गावातल्याच एका बाईची सावली पडलीय. ती कोण, हे शोधायची रीतही त्यानंच सांगितली. मेलेल्या मळ्यातली माती टोपलीत भरायची, वर कुंकू टाकायचं, आणि प्रत्येक मळ्यात जाऊन वेलीच्या बुडाशी मूठमूठ घालायची. जिथं माती आपल्या मालकिणीला ओळखेल, तिथं वेल हिरवी राहील.

मग काय, पुढे टोपली आणि मागे सगळा गाव. अनवाणी. या मळ्याच्या चिखलातून त्या मळ्याच्या चिखलात.

गोजरीच्या कुंपणाशी मात्र मिरवणूक अडली. तिनं फाटकात वासा आडवा घातला होता. टोपली बाहेर ठेवा, पाय धुवा आणि मग या, एवढंच ती म्हणाली. म्हाळू आत गेलाच नाही. तो हसत मागे फिरला, असं म्हणतात.

पंधरवडा गेला आणि एकेक करून सगळे मळे बसले. हिरवा राहिला तो गोजरीचा. त्या साली तिची पानं सुपाएवढी झाली आणि भर दुपारी वेली खाली वाकून तिच्या कानात बोलायच्या, असं म्हणतात. म्हणणारे त्या दुपारी कुठं होते, ते कुणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नाही, ती मी स्वतः चालून पाहिली. सुभान पाटलाचा बांध गोजरीच्या बांधाला लागूनच होता.

देवळापुढं गाव जमला. ठरलं ते असं, की चेटकिणीचा मळा जाळायचा आणि दोघींना नदीपार घालवायचं. पावसाळ्याचे दिवस, नदी दुथडी भरलेली आणि राहीचे दिवस भरत आलेले. पार घालवायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. राही उठली आणि हात जोडून सांगू लागली, की चिखलानं झालंय, तुमच्याच पायांनी झालंय. कुणी ऐकून घेतलं नाही. उलट बायका कुजबुजल्या, की हिलाही ती विद्या येतेय.

पाटलानं गोजरीला विचारलं, "सगळ्यांच्या वेली गेल्या, तुझीच कशी राहिली?"

गोजरीनं सुनेकडे पाहिलं. मग पाटलाकडे वळून ती म्हणाली, "माझी कशानं जाईल? तुमच्या मीच घालवल्यात."

राही पुढं आली. "आत्याबाई, काय बोलताय हे?"

"तू गप बस. तू परक्या घरची. तुला माझ्यातलं काय बी येत न्हाई." मग ती गावाकडे वळली. "मी मेले तरी मळ्याच्या वाटेवरच बसणार हाय. जो पाय न धुता वेलीखाली जाईल, त्याची वेल मी खाली ओढीन. आन् माझ्या मळ्याला जो विस्तव लावील, त्याच्या घरच्या लग्नात पानाचा इडा रंगायचा न्हाई."

पुढे काय झालं? आभाळ गडगडलं, भुई दुभंगली आणि चेटकिणीला पोटात घेऊन मिटली, असं म्हणतात. इथं मला थांबावं लागतं. मळ्याच्या वाटेवर ती जागा आजही आहे. पुरुषभर उंचीचा धोंड्यांचा ढीग. ते धोंडे नदीतले आहेत आणि नदी तिथून तेव्हाही बरीच लांब. भुईनं ओढून नेलेल्या माणसावर इतके धोंडे कशाला पडतील? आणि ते सगळे मुठीत मावतील एवढेच का? हे मी पाटलांच्या वाड्यात विचारलं होतं. तिथल्या म्हातारीनं पानाचं तबक माझ्यापुढं सरकवलं आणि पाऊसपाण्याचं काढलं.

गोजरीच्या मळ्याला विस्तव लावायला मात्र कुणी धजलं नाही. राही तिथंच राहिली, तिथंच बाळंत झाली. पुढच्या लावणीला गावाकडे बेणं उरलं नव्हतं, हिरवी वेल सगळ्या शिवारात एकच. माणसं खाली मान घालून कुंपणाशी उभी राहिली. राहीनं बेणं सगळ्यांना दिलं, पाटलालाही दिलं. का दिलं, याची गावात दहा कारणं सांगतात आणि मला त्यातलं एकही पटत नाही. तिनं अट एकच घातली. सासूच्या मातीपाशी पाण्याचा रांजण ठेवायचा, तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि चेटकिणीनं सांगितलंय तसं करायचं.

आता गावानं पाय धुतले. कसे धुतले म्हणता? घासून घासून. लहानथोर सगळ्यांनी. आणि नव्या वेली अशा चढल्या की शेवरीचे शेंडे दिसेनात. चेटकिणीचा कोप पाण्यानं निवला, असं म्हणतात.

आमच्या बाजारात एक गूळवाला होता. येणारा-जाणारा ढेपेचा तुकडा मोडून तोंडात टाकायचा. हात जोडून सांगितलं, चिडून सांगितलं, कुणी ऐकेना. एके दिवशी त्यानं ढेपेशेजारी शेंदूर फासलेला एक धोंडा मांडून ठेवला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून गुळाला बोट लागलं नाही. लोक त्या धोंड्याला नमस्कार करून पुढं जायचे. गोजरीची गोष्ट ऐकताना मला दर वेळी तो गूळवाला आठवतो. गावापुढं मात्र मी हे बोलत नाही. शाप खोटा आहे असं एकदा त्यांच्या मनात भरलं, तर रांजण कोण भरणार?

म्हणून मीही त्या वाटेनं गेलो की वहाणा काढतो, दोन तांबे पाणी घेतो आणि बेचक्यांपर्यंत पाय धुतो. ते पाणी धोंड्यांवर सोडायचं असतं. तिथं कितीही पाणी पडलं तरी चिखल होत नाही, असं म्हणतात, आणि हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. नवी नवरी गावात आली की तिचा पहिला विडा इथं ठेवतात, रंगू दे म्हणून.

आणखी एक रीत आहे, ती मला कुठल्याच दुसऱ्या गावात आढळली नाही. गाय आटली, पोर तापलं, की माणसं कुणा एकट्यादुकट्या बाईकडे बोट दाखवतात, तशी पानगव्हाणातही दाखवतात. मग जाणती मंडळी त्या बोट दाखवणाऱ्याला बोलावून घेतात आणि सांगतात, आपल्या गावाची चेटकीण मळ्याच्या वाटेवर बसलीय. ती जागा भरलेली आहे, दुसरीला रिकामी नाही. त्या दिवशी रांजण त्यानं एकट्यानं भरायचा, नदीवरून डोक्यावर पाणी आणून. आणि ज्या बाईकडे त्यानं बोट केलं, ती सगळ्यांच्या आधी त्या पाण्यानं पाय धुते आणि मळ्यात जाते. तोवर सगळं गाव वाटेवर अनवाणी उभं असतं.