कमावत्या धनेशाचं गुपित

एका डोंगरउतारावरच्या दाट रानात, जुन्या झाडाच्या ढोलीत, धनेश पक्ष्याचं बिऱ्हाड होतं. धनेशांची रीत ठाऊक आहे का तुम्हांला, बाळांनो? अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. म्हणजे खाणारी तोंडं आत आणि कमावणारा एकटा बाहेर! नर दिवसभर फळं गोळा करतो आणि त्या फटीतून एकेक करून आत देतो.

सुरुवातीला जवळच्याच वडाला फळंच फळं होती. नर गळा भरभरून आणी. दोन पिल्लं जन्मली, तीही खाऊन गुबगुबीत झाली. शेजारची खार फटीशी येऊन बसे आणि लाडात विचारी, "वहिनी, आज काय विशेष?" मादी मोठ्या मनाने म्हणे, "घ्या हो, आमच्याकडे काय कमी आहे?"

मग एका वादळात तो वड मुळासकट आडवा झाला. नर हबकला. आता पलीकडच्या डोंगरावर जावं लागे, आणि तिथेही मिळे ते थोडंच. मादीला खरं सांगावं की नाही? छे! आपली काय किंमत राहील, आणि ती आत काळजीने झुरेल, असं म्हणून हा शहाणा गप्प राहिला. त्याने स्वतःचं खाणं तोडलं आणि ढोलीत पूर्वीइतकंच देऊ लागला.

"आवाज का हो खोल गेलाय तुमचा?" मादीने एकदा विचारलं.

"ऊन फार आहे, एवढंच."

"जेवलात ना तुम्ही?"

"पोटभर! तू पोरांकडे बघ."

बिचारीने विश्वास ठेवला. एवढ्याशा फटीतून तिला दिसणार तरी काय? खारीला मात्र सगळं दिसत होतं. पडलेला वड आणि नराच्या छातीचं वर आलेलं हाडसुद्धा. पण ती ब्र काढायला तयार नव्हती. आयतं मिळत असताना तोंड कोण उघडतो! आणि आपल्या पोरांच्या तोंडचा घास ती नेताना बघूनही नर भिडेपोटी मान फिरवून घेई. मला तर त्या दोघांचाही राग येतो.

एके दिवशी अंधार पडला तरी नर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पिल्लांनी भुकेने आकांत मांडला, तेव्हा मादीने खारीला हाक मारली, "खारूताई, आमचे हे कुठे दिसले का हो?"

"ते होय? ते पलीकडच्या उतारावर मरून पडलेत," खार म्हणाली. "उपाशीपोटी किती उडणार? वड तर केव्हाच पडला. तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

"आणि तुम्ही रोज इथे जेवून जात होतात!" मादी किंचाळली. "अहो, एका शब्दाने कुणी सांगितलं असतं, तर मी अर्धपोटी राहिले असते. तुम्हांला दिलं ते त्यांना खायला लावलं असतं!"

खार शेपटी उडवत निघून गेली. मादीने चोचीने दार फोडलं, पण पंख अर्धेच फुटले होते. या फांदीवरून त्या फांदीवर धडपडत तिने दिवसभरात मिळवले दोन किडे आणि एक कच्चं फळ. थोरल्या पिल्लाने ते कसंबसं गिळलं. धाकट्याने चोच उघडलीच नाही. ती त्याला हलवून हलवून हाका मारत राहिली.

तात्पर्य एवढंच, मुलांनो : झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, ती बाहेरच्यांसाठी, घरात ती उघडूनच दाखवावी, कारण ज्यांना टंचाई ठाऊक असते तेच घासातला घास राखून ठेवतात.