चांगोची पाठ

पोरांनो, दमलात ना? बसा इथंच, पण त्या धोंड्यांवर नको. पायथ्यापासून वरपर्यंत ओळीनं आलेले हे तेहतीस धोंडे, यांना आम्ही चांगोची पाठ म्हणतो. कणा असलेल्या प्राण्यांचा धडा तुम्हाला बाईंनी शिकवला. आमच्या वाडीला तो चांगोनं शिकवला, आणि फार महागात पडला.

चांगो म्हणे वाडीतला पहिल्या नंबरचा शिकारी. आमची रीत अशी, की पोटापुरतं मारायचं आणि लेकुरवाळीला सोडायचं. पण त्याची बायको ठमी पोटुशी राहिली आणि हा चेकाळला. बारशाला सगळं रान शिजवीन म्हणाला. डोहात विषारी साल कुटून टाकली. कल्ल्यांनी श्वास घेणारे मासे पोट वर करून तरंगले. बेडूक पाण्यातही राहतात नि काठावरही, पण ओल्या कातडीतून विष भिनलं, दोन्हीकडं मेले. मग त्यानं डोंगराचं गवत पेटवलं. खवल्यांचे साप, घोरपडी बिळातच भाजल्या. पाखरं अंडी सोडून उडेनात, पिसांसकट जळाली. धुरात एक हरणी पाडसाला पाजत उभी होती. मूर्खानं तिच्याही पाठीत कुऱ्हाड घातली. दुधात रक्त मिसळलं.

त्याच आठवड्यात ठमीला मुलगा झाला. देखणा, पण पाठीत कणाच नाही. उचलला की ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. दूध गिळेना.

भगत चांगोला म्हणाला, "मासा, बेडूक, साप, पाखरू, दूध पाजणारं जनावर, ही पाच घरं. आढं एकच, पाठीचा कणा. ते तू मोडलंस. आता तुझंच द्यावं लागंल."

चांगो इथं येऊन पालथा पडला. "घाला धोंडा," म्हणाला. कोणाचा हात उठेना. कसाही असला तरी आपला माणूस. तेव्हा ठमीनं पोर सासूच्या मांडीवर ठेवलं आणि धोंडा उचलला.

"मला तू बी हवास रं," ती रडत म्हणाली, "पर त्याला अजून समदंच बगायचं ऱ्हायलंय."

एकेक मणका फुटला तसा जमिनीतून एकेक धोंडा वर आला, असं सांगतात. चांगो शेवटपर्यंत शुद्धीवर होता. शेवटच्या घावाला पोरानं मान उचलली आणि बापाकडं बघितलं.

आजही आमच्यात मासे धरायला निघालेला गडी आधी अंगणात पालथा निजतो. बायको एका हातात धोंडा धरते, दुसरा त्याच्या पाठीवरून फिरवते आणि विचारते, "किती आणशील?" तो म्हणतो, "पोटापुरतं." मग ती धोंडा खाली ठेवते.

माझी म्हातारी जाऊन सात वर्षं झाली. धोंडा धरायला घरात कोणी नाही, म्हणून मी डोहावर जात नाही.