निरोपात अडकलेली होडी

बेटांच्या दाटीतल्या एका खाडीत एक उंदरीण आणि एक खार मिळून होडी चालवीत असत. होडी म्हणजे काय, तर माडावरून गळून पडलेली पोय, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचे टणक वेष्टन. तिचा आकारच आयता होडीसारखा. उंदरीण मागे बसून आपल्या बारीक शेपटीने सुकाणू धरी. खार पुढे बसून आपले झुपकेदार शेपूट उभारी, तेच शीड. शेपटात वारा भरला की होडी या बेटावरून त्या बेटावर सुरसुरत जाई. एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, त्यामुळे दोघींचे बोलणे बेताचेच होई; आणि मुलांनो, म्हणूनच तर त्यांची मैत्री इतकी वर्षे सुखात चालली होती.

पण खाऱ्या पाण्याने खारीचे शेपूट पार राठ झाले. एका बेटावर तिला मनासारखे आंब्याचे झाड दिसले आणि ती म्हणाली, "मी आता इथेच घरटं बांधते गं. शीड होऊन होऊन कंटाळले." पुढच्या बेटावर उंदरिणीच्या भावाला नुकतीच पिल्ले झाली होती. आत्या आल्याशिवाय नावे कोण ठेवणार, म्हणून बारसे खोळंबले होते. आता तिथवर तिला एकटीनेच जायचे होते. खारीने बदामाचे एक रुंद पान काडीला अडकवून तिला शीड करून दिले. खाडीच्या तोंडाशी खडकांची रांग होती. पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणालाच तिच्यावरून होडी पार होई. आज पुनव होती आणि दुपारची भरती काठोकाठ आली होती.

उंदरीण होडीत बसली. "येते गं," ती म्हणाली. "ये," खार म्हणाली. एवढ्यावर भागले असते तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती. होडी जरा पुढे जाते न जाते तोच खारीने हाक मारली, "अगं, शिदोरी राहिली!" आता त्या दर्यावर्दींची एक रीत होती. निघालेल्याला मागून हाक मारू नये; मारलीच, तर त्याने परत यावे, घटकाभर टेकावे, पाणी प्यावे आणि मगच निघावे. उंदरीण परत आली, टेकली, पाणी प्याली. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. उंदरीण पुन्हा निघाली. "अगं, जपून जा!" खार मागून ओरडली. ही काय ओरडून सांगायची गोष्ट झाली? पण हाक ती हाक. उंदरीण परत आली, टेकली, पाणी प्याली. त्यानंतर खारीला हाकेचे निमित्त सापडेना, तेव्हा उंदरीणच मागे वळून म्हणाली, "हाक मारलीस का गं?" खरे सांगायचे तर तिला एकटीने जायची भीती वाटत होती, आणि तिला एकटीला धाडल्याची खारीच्या मनाला टोचणी लागली होती.

चिखलात एका पायावर उभा असलेला बगळा म्हणाला, "बायांनो, पाणी उतरतंय."

"तुला काय कळतंय मायेतलं!" दोघी एका सुरात म्हणाल्या. पुन्हा रडून, पाणी पिऊन, डोळे पुसून पाहतात तो काय, होडी चिखलात रुतलेली आणि पाणी लांब गेलेले.

झाले, अवसेपर्यंत मुक्काम पडला. पहिल्या दिवशी दोघींचा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या दिवशी खारीने उजाडायच्या आधीच चिर्रर्र चिर्रर्र सुरू केले आणि उंदरिणीची झोपमोड झाली. उंदरिणीने दातांना चाळा म्हणून नव्या घरट्याची एक बाजू कुरतडून टाकली. "पाहुणीनं घर खायचं नसतं!" खार कडाडली. "घर कसलं, काड्यांचा पसारा नुसता!" उंदरीण म्हणाली. भर समुद्रातल्या वादळांत टिकलेली मैत्री त्या एवढ्याशा झाडावर तुटायला आली. उंदरीण बुंध्याशी, खार शेंड्यावर, आणि मधे अबोला. वर पाहिले की ते राठ शेपूट दिसे आणि उंदरीण खोडावर दोन पावले चढून पुन्हा खाली येई. पण आधी बोलणार कोण?

तेवढ्यात बगळा पुढच्या बेटावरून फेरी मारून आला. "तुझी भावजय टेकीला आलीय," तो उंदरिणीला म्हणाला. "पिल्लांना नावं नाहीत, म्हणून ती प्रत्येकाला 'ए' म्हणते. एकाला रागावलं की सगळीच रडायला लागतात."

अवस आली, पाणी चढले. उंदरीण होडीत चढली. खार मुकाट्याने खाली उतरली आणि बदामाचे पान घट्ट बांधून म्हणाली, "वारा पाठीशी ठेव." उंदरीण म्हणाली, "कुरतडलेल्या बाजूला जाड काड्या लाव. चुकलं माझं." मग ती म्हणाली, "येते." खार म्हणाली, "ये," आणि तिने होडी ढकलली.

होडी खडकांपाशी पोचली आणि खारीच्या ध्यानात आले, शिदोरी पुन्हा काठावरच राहिली होती! हाक अगदी ओठांवर आली. तिने चटकन आपलेच शेपूट तोंडात कोंबले आणि दातांनी गच्च धरून ठेवले. तिकडे उंदरिणीलाही शिदोरी आठवली, कारण तिच्या पोटात कावळे ओरडू लागले होते. पण तिने मान वळवली नाही. वळवली असती, तर खारीचे डोळे दिसले असते आणि होडी पुन्हा चिखलात गेली असती. ती रडत रडत सुकाणू धरून बसली आणि होडी खडकांवरून पार झाली.

त्या संध्याकाळी आत्याने पिल्लांची नावे ठेवली आणि बारशाच्या घुगऱ्यांवर आडवा हात मारला. एका पिल्लाचे शेपूट जरासे झुपकेदार होते. त्याचे नाव तिने शीड ठेवले.

तात्पर्य : माया असेल तर निरोप थोडक्यात आटोपावा; तो लांबवला, तर जाणाऱ्याची भरती चुकते आणि राहणाऱ्याची माया आटू लागते.