घरचा कर्ता

विद्यापीठ कुठलं, ते राहू द्या. तिथल्या परिषदेत कर्मचाऱ्यांचाही एक प्रतिनिधी घ्यायचा नियम होता. त्या वर्षी परीक्षा विभागातल्या कौसल्याबाई टेंभुर्णे निवडून आल्या. बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, पण तोंड उघडलं रे उघडलं, की कुलगुरू मोहोळकरसाहेब म्हणायचे, "बसा बाई, तुमचं नंतर ऐकू." ते नंतर काही उजाडेना. बाई अगदी विटून गेल्या.

एके दिवशी तर साहेबांनी कर्मचाऱ्यांचं पाळणाघरच पाडायला काढलं. तिथं त्यांना आजवरच्या कुलगुरूंच्या तसबिरींचं दालन बांधायचं होतं. बायकांनी लेकरं कुठं ठेवायची, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

कौसल्याबाई उठल्या. "साहेब, यावर मतं घ्या."

"मतं?" साहेब हसले. "अहो बाई, विद्यापीठ म्हणजे एक घर. मी त्या घरचा कर्ता. घरात कुणी मतदान घेतं का?"

"घर म्हणालात, बरं झालं," बाई म्हणाल्या. "पण साहेब, घरचा कर्ता दर पाच वर्षांनी नवा येत नाही. आम्ही इथंच म्हातारे होतो. तुम्ही मुदत ठरवून येता आणि मुदत संपली की जाता. अशा माणसाला आमच्याकडे भाडेकरू म्हणतात. आणि भाडेकरूला भिंत पाडायची झाली, तर घरच्यांना विचारावंच लागतं!"

सगळी परिषद खो खो हसली. हसता हसताच बाईंच्या बाजूनं हात वर झाले, आणि पाळणाघर वाचलं.

तेव्हापासून कौसल्याबाई नुसत्या खाकरल्या, तरी साहेबच घाईनं म्हणतात, "बोला, घरमालकीणबाई!"