केरबाचं जड चाक

पठारावरच्या एका गावात केरबा नावाचा सुतार राहत होता. हातात कसब मोठं, पण स्वभाव महाहट्टी. त्याला एकच मुलगी, चंद्रा. आईवेगळी पोर लहानपणापासून खोल विहिरीचं पाणी पोहऱ्याने ओढायची. दोराने तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. घाटाखालच्या गावी ती नांदायला निघाली, तेव्हा ते घट्टे पाहून केरबाला गलबलून आलं. तो म्हणाला, "हिरीवर वाऱ्याचं चाक बसवतो. चाकानं पानी वर आलं, की तुला न्यायला येतो."

सासुरवाशिणीला माहेरी आणायला घरचं माणूस मुराळी म्हणून जायचं. मुराळ्याशिवाय ती यायची नाही, अशी तिकडची रीत. चंद्राला केरबाशिवाय दुसरा मुराळी नव्हता.

केरबाने सागाची लांबलचक, जाड पाती घडवली आणि विहिरीवर गाडग्यांच्या माळेचा रहाट बसवून चाक त्याला जोडलं. आषाढातल्या वाऱ्यात ते असं गरगरलं, की सारं गाव बघायला लोटलं. पण आषाढात सगळीकडे पाणीच पाणी. विहिरीचं कोणाला हवं? उन्हाळ्यात पाणी ओढेल तेव्हाच चाक खरं, असं केरबाने धरलं. चैत्रात विहीर खोल गेली, बायका दोर घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा चाक ढिम्म हललं नाही. केरबाने पाती आणखी लांब, आणखी जड केली. आपल्या चाकाचं काही चुकलं असेल, हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. तो वाऱ्यालाच बोल लावायचा.

बांगड्या विकायला येणारा कासार दरवर्षी चंद्राचा निरोप आणायचा, "आबा, पानी मी वढीन. न्यायला या." लेकीच्या आठवणीने केरबाला घास गोड लागत नसे. तरी तो एकच उत्तर धाडायचा, "वारं पडलंय, पोरी. चाक फिरू दे." मग दिवसभर घाटाच्या वाटेकडे बघत बसायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका चैत्रात चंद्राच घाट चढून आली, मुराळ्याशिवाय. तिच्या केसांत पांढरी बट दिसत होती. तिने विहिरीचं पाणी ओढलं, बापाला प्यायला दिलं आणि धुतलेलं लुगडं चाकाच्या खांबाला वाळत घातलं. लुगडं फडफडू लागलं. चाक मात्र जागच्या जागी होतं.

"आबा, वारं हाय की," ती म्हणाली. "चाकच जड हाय."

केरबा लुगड्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "रागावलीस व्हय गं?"

"राग न्हाई. सणाला शेजारणींचं मुराळी यायचं, तवा मी बी दारात हुबी ऱ्हायची. पान्यासाठी न्हवं, आबा. तुमच्यासाठी."

केरबाने सागाची पाती उतरवली. बांबूच्या कामट्या आणि जुनं लुगडं घेऊन हलकी, रुंद, पुष्कळ पाती बांधायला घेतली. ती पुरी होईपर्यंत चंद्रा सासरी परतली होती. संध्याकाळच्या झुळकेवर चाक सावकाश फिरलं आणि पन्हळातून हौदात करंगळीएवढी धार पडली. हौद भरायची वाट केरबाने पाहिली नाही. तांब्या भरून घेतला आणि तो तसाच घाट उतरू लागला. लेकीच्या दारात मुराळी म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात तेवढंच पाणी होतं.

तात्पर्य: मायेच्या माणसाला काहीतरी मोठं घेऊनच भेटू, असं म्हणणारा त्याला नुसती वाट बघायला लावतो. जो वारा वाहतो आहे त्यावर फिरेल असं चाक करावं, आणि भेटायला लगेच निघावं.