शोमरोनी बाईची घागर

चैत्रातली दुपार, कडुनिंबाच्या सावल्याही पेंगत होत्या. ख्रिस्तमंदिरात परीक्षा घ्यायला आलेले रेव्हरंड पाटोळे तासभर बोलत होते. त्यांनी होकार दिला, तरच एस्तेरबाईंना बायबलबाई म्हणून गावोगाव वचन सांगायला जाता येणार होतं.

"विहिरीवर येशू भेटल्यावर शोमरोनी बाई घागर तिथंच टाकून गावात का गेली?" विचारून साहेबांनीच उत्तर दिलं, "घागर म्हणजे संसाराचा मोह."

"येशूनं पाणी मागितलं होतं, साहेब. ते मिळाल्याचं कुठं लिहिलंय?"

साहेबांनी पानं चाळली. लिहिलेलं नव्हतं.

"विहीर खोल, त्याच्याकडं पोहरा नाही. घागर त्याच्यासाठीच ठेवली असेल. तुम्हीही आल्या आल्या पाणी मागितलंत, अन् बोलतच राहिलात." एस्तेरबाईंनी तांब्या पुढं सरकवला.

साहेब घटाघटा प्याले.

"पुढचा प्रश्न?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"तो आता गावोगावच्या बायका विचारतील तुम्हाला," साहेब म्हणाले.