जाखाईच्या मळ्यातली घोंगडीएवढी हरळी

देवळाच्या मागच्या बाजूला या, म्हणजे मळा दिसेल. माठ, भेंडी, अळू, मांडवावर पडवळ आणि दोडका. वाफे कसे विंचरल्यासारखे आहेत बघा, गवताची काडी सापडायची नाही. आणि आता तिकडे बघा, भिंतीच्या कडेला. लहान लेकराला निजवायला घोंगडी अंथरावी तेवढीच जागा, आणि तिच्यावर नुसती हरळी माजलेली. येणारं प्रत्येक माणूस विचारतं, एवढा मळा राखता, मग हे तण का ठेवलंत? बसा ओट्यावर. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं तसं सांगते.

फार पूर्वी इथे मळा नव्हता. देवळामागे नुसतं रान होतं, बाभळीची रोपं, तरवड, रुई, आणि खाली जमीन दिसू नये इतकी हरळी. गुरंसुद्धा आत शिरत नसत, असं सांगतात. त्या साली पटकीची साथ आली होती. वरच्या अंगाकडून माणसं गावं सोडून निघाली, त्यांत भिवरा नावाची एक कोष्टीण होती. नवरा वाटेतच गेला. हातमाग गावीच राहिला. लेक मंजुळा पाठीशी बांधलेली. पोर साथीतून वाचली होती, पण अंगात काही उरलं नव्हतं. भाकरीचा घास पोटात ठरत नसे. गावाने दोघींना देवळाच्या ओवरीत राहू दिलं.

भिवरेने जाखाईपुढे पदर पसरला. म्हणाली, माझी पोर मला राहू दे. ऋषिपंचमीला माझ्या हातांनी पिकवलेल्या भाजीचा नैवेद्य तुला दाखवीन.

तुम्हाला ठाऊकच असेल, ऋषिपंचमीला आम्ही बायका बैलाच्या कष्टाचं खात नाही. नांगरल्या जमिनीतलं काही चालत नाही. जे हातांनी खणून लावलं तेच त्या दिवशी शिजतं. तेव्हा नवस बोलणं सोपं होतं, पण भिवरेने जन्मात बी पेरलं नव्हतं. तिचे हात सुताचे. पाटलाने देवळामागचं रान दाखवलं आणि म्हणाला, "साफ केलंस तर तुझं." ज्या जमिनीला कोणी हात लावत नव्हतं, ती द्यायला त्याचं काय जात होतं?

गाव हसलं, म्हणे. "कोष्टीण शेती करतीया. वाफ्यात लुगडी उगवतील आता."

भिवरेने कोयता मागून आणला. बाभळी तोडल्या, तरवड तोडला, ढीग करून पेटवला. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मग कुदळ घेतली आणि हरळीची मुळं घाव घालून घालून बारीक केली, मातीत कालवून टाकली. तिला वाटलं, कुजतील, खत होईल. रान असं बोडकं झालं की पाटीलही बघून गेला. तिने वाफे ओढले, माठ टोचला, भेंडी लावली, भिंतीशी पडवळाचं बी पुरलं.

पाऊस पडून गेल्यावर वाफे हिरवे झाले. भिवरा पोरीला कडेवर घेऊन आली. मंजुळेने कितीतरी दिवसांनी मान उचलली. "आये, ही आपली भाजी?"

"आपलीच गं बाई. समदी आपलीच."

शेजारच्या मळ्यातली म्हाळसा माळीण बांधावर उभी होती. मग खाली उतरली, एक कोंब उपटून भिवरेच्या हातात दिला.

"ही भाजी न्हवं, पोरी. हरळी हाय. जितके तुकडे केलेस, तितक्या जागी उगवली. तुझं बी खाली गुदमरलं."

भिवरा तो कोंब हातात धरून तशीच उभी राहिली.

पाटलाला दया आली. त्याने बैलजोडी देऊ केली. नांगर घातला की रान उलथून निघेल, नवं बी पेर, अजून वेळ आहे. भिवरा नको म्हणाली. म्हाळसा चिडली.

"अगं, देवी काय बैल मोजाया येणार हाय?"

"ती न्हाई मोजत, मावशी. मी मोजते."

त्या दिवसापासून ती खुरपं घेऊन जमिनीवर बसू लागली. पोरीला एकटं ओवरीत ठेववेना, म्हणून भिंतीच्या सावलीत हरळीवरच घोंगडी अंथरायची आणि तिला निजवायची. पहिल्या दिवशी तिने मूळ ओढलं, ते तुटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तुटलं. मग तिला माग आठवला. सुताचा गुंता झाला तर कोष्टीण ओढत नाही. टोक शोधते आणि जिकडे सूत जाईल तिकडे बोट नेते. तिने खुरप्याने माती सैल केली, मुळाचं टोक धरलं आणि ते जिकडे गेलं तिकडे हळूहळू उकरत गेली. हातभर लांब पांढरं मूळ अखंड हाती आलं. तिने ते पोरीकडे टाकलं. मंजुळा पडल्या पडल्या ते बोटांवर गुंडाळू लागली, घरी आई मागासाठी सुताची कांडी भरताना बघायची तसं.

असा निम्मा श्रावण गेला. आई मूळ काढी, लेक गुंडाळी, आणि गुंडाळलेली मुळं भिंतीजवळच्या त्या दगडावर वाळत पडत. दिवसाकाठी पाटाएवढी जागा मोकळी होई. सबंध रानात एकच वाफा साफ झाला. त्यात टोचायला म्हाळसेने माठाचं बी आणून दिलं.

माठाला चार पानं फुटली तेव्हा पोरीची बोटं चालेनाशी झाली. मुळाचं टोक हातात धरून नुसती पडून राही. गावात गणपतीसाठी माती आणायची गडबड सुरू झाली होती. त्याच दिवसांत एके दुपारी भिवरेने मागे मूळ टाकलं, आणि ते घोंगडीवर तसंच पडून राहिलं.

देवीने ऐकलं नाही. काय बोलणार? नवस माणसाने बोलायचा असतो, पुढचं आपल्या हातात नसतं. सगळ्यांना वाटलं, ही आता गाव सोडणार. नवसाबद्दल तिला कोणी विचारणार नव्हतं.

पंचमीच्या सकाळी भिवरा वाफ्यात उतरली. माठ खुडला. मूठभरच होता. ओवरीत तीन दगडांवर शिजवला आणि द्रोणात घालून देवळाकडे निघाली. म्हाळसा पायरीवर आडवी आली.

"कशाला गं, भिवरे? तिनं तुझी पोर ठिवली का? मग तू का देतीस?"

भिवरा म्हणाली, "नवस म्या एकटीनं बोलला, मावशी. वाफा दोघींनी केला. पोरीचं काम अर्धं टाकू का?"

म्हाळसा बाजूला झाली. आणि मग, असं सांगतात, तीही आत गेली.

भिवरा गावातच राहिली. वर्षामागून वर्षं बसून तिने सगळं रान मोकळं केलं. भिंतीकडची तेवढी जागा शेवटी राहिली. घोंगडीखाली दबून पिवळी पडलेली हरळी घोंगडी उचलल्यावर पुन्हा उभी राहिली होती. भिवरा खुरपं घेऊन तिथे बसली, म्हणे. दिवस मावळेपर्यंत बसली. मग खुरपं न लावताच उठली. "एवढी ऱ्हाऊ द्या," म्हणाली. त्यानंतर तिला कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

आजही या मळ्यात बैल येत नाही. गावात ज्या घरी लेकरू आजारी असेल, त्या घरची आई इथे येऊन बसते, हरळीच्या कडेने मातीखालून वाफ्यात शिरलेलं मूळ अखंड काढते, बोटांवर गुंडाळते आणि दगडावर वाळत ठेवते. काहींची लेकरं उठतात. काहींची नाही उठत. त्या आयाही पुढच्या वर्षी येतात. चतुर्थीला गाव दूर्वांसाठी, म्हणजे याच हरळीसाठी, बांध धुंडाळतं, पण इथली एक काडी कोणी खुडत नाही. पंचमीला माठ शिजला की आधी त्या हरळीवर घोंगडी अंथरतात, तिच्यावर पहिला द्रोण ठेवतात, आणि मग देवीचा. हरळी त्या जागेबाहेर पसरत नाही म्हणतात. आम्ही कडेने खणत राहतो म्हणून, की जाखाई पसरू देत नाही म्हणून, ते मला नका विचारू. घोंगडी उचलली की गवत दबलेलं असतं. संध्याकाळी दिवा लावायला यावं, तर पुन्हा उभं असतं.

तुम्ही मघापासून तिकडेच बघताय, बाई. घरी कोणी आजारी आहे का? मग बसा हरळीच्या कडेच्या या वाफ्यापाशी. खुरपं तिथे भिंतीला आहे. घाईने ओढू नका, आधी टोक शोधा. तुमच्या मागे मी बसते गुंडाळायला.